झाडावरचं बिऱ्हाड: टिलँडसियाच्या संग्रहाचा आढावा

एअर प्लँट विकताना दुकानदार एक वाक्य हमखास सांगतो : याला काही लागत नाही, हवेवर जगतं. मग ते रोप काचेच्या गोळ्यात किंवा शिंपल्यात बसून घरी येतं, दिवाणखान्यातल्या टीपॉयवर काही महिने जसंच्या तसं दिसतं आणि एक दिवस उचलायला जावं तर पानं सुटून हातात येतात. ते नेमकं कधी मेलं हे घरात कुणालाच सांगता येत नाही. चंदेरी पानांचं टिलँडसिया मेल्यावरही बराच काळ जिवंतासारखं दिसतं.

या वनस्पतींबद्दलचा जवळजवळ सगळा गोंधळ दुकानदाराच्या त्या वाक्यातून निघालेला आहे. टिलँडसिया हा साडेसहाशेहून अधिक जातींचा गोतावळा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियापासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत तो पसरला आहे. वाळवंटाच्या वाळूवर, ढगात बुडालेल्या डोंगरी जंगलात, काटेरी झुडपांच्या शेंड्यावर, विजेच्या तारांवरसुद्धा. त्यातली प्रत्येक जात आपापल्या गावच्या हवेला बांधलेली आहे. त्यामुळे ‘एअर प्लँटला पाणी किती घालायचं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. जात कुठली आणि ती मूळची कुठली, एवढं कळलं की निम्मी निगा आपोआप ठरते. माझ्या मते संग्रहाची खरी सुरुवात तिथून होते. रोपांच्या संख्येला त्यानंतर अर्थ येतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे झाडावर झाड दिसलं की बांडगूळ म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. बांडगूळ यजमान झाडात घुसून त्याचा रस ओढतं. टिलँडसिया फांदीकडून फक्त बसायला जागा घेतं. सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर फुलणारी सीतेची वेणी जशी अपिवनस्पती आहे, तशीच हीसुद्धा. तारेसारखी चिवट मुळं असतात ती धरून राहण्यापुरती. कुळ मात्र आपल्या अगदी ओळखीचं, अननसाचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणलेला आणि कोकण-गोव्यात रुजलेला अननस हा टिलँडसियाचा जमिनीवर राहणारा भाऊबंद.

पाण्याबद्दलचा घोळ जुना आहे, थेट नाव ठेवणाऱ्यापासूनचा. लिनियसने हे नाव फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या एलियास टिलँड्स या सतराव्या शतकातल्या वैद्य-वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ दिलं. टिलँड्सला एका प्रवासात बोट इतकी लागली की परतताना तो समुद्र टाळून आखाताला वळसा घालत जमिनीवरून आला, अशी हकीकत लिनियसनेच नोंदवली आहे. या वनस्पतीलाही पाणी सोसत नाही, अशी त्याची समजूत होती. नीट उलगडा व्हायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. शिंपर या जर्मन शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या अपिवनस्पतींवर १८८८ मध्ये ग्रंथ लिहिला. १९०४ मध्ये कार्ल मेझने या कुळातली पानं पाणी कसं ओढतात याचा तपशील मांडला. आणि डेव्हिड बेंझिंग यांच्या २०००च्या ग्रंथात या कुळाबद्दलचं तोवरचं बहुतेक ज्ञान एकत्र आलं.

हा उलगडा घरीही पाहता येतो. दहापट भिंगाखाली आयोनांथा या टिलँडसियाच्या जातीचं पान धरा. दुरून राखेसारखी वाटणारी झाक म्हणजे पानाला चिकटलेले हजारो पारदर्शक खवले असतात, कडेला झालरीसारखे किंचित उचललेले. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो मण्यासारखा टिकत नाही, लगेच पसरतो. आणि पसरला तेवढ्या भागातली चंदेरी झाक विरून खालचा हिरवा रंग वर येतो. खवल्याच्या मधल्या मृत, पोकळ पेशींमध्ये पाणी शिरतं, त्या फुगतात, झालर पानावर सपाट बसते, आणि देठातल्या जिवंत पेशींमधून पाणी आत ओढलं जातं. वाळताना मधल्या पेशी मिटतात आणि ती वाट बंद होते. झालर पुन्हा उचलली जाते आणि उन्हाचा बराच भाग परतवते. म्हणजे तोंडही हेच आणि छत्रीही हीच. धुळीतून, पावसातून, सडणाऱ्या पाल्यापाचोळ्याच्या पाण्यातून मिळणारं खनिज अन्नही याच वाटेने आत जातं. हवेतले जड धातू मोजण्यासाठी काही देशांत टिलँडसिया टांगून ठेवतात ते यामुळेच; पान जे झेललं ते साठवून ठेवतं.

दुसरी गोष्ट रात्रीची. अननस, कोरफड, निवडुंग यांच्याप्रमाणे बहुतेक टिलँडसिया दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उन्हात वापरायचा, म्हणजे पाणी कमी उडतं. पण पान ओलं असलं की खवल्यांखाली पाण्याचा पापुद्रा बसतो आणि वायूची देवाणघेवाण जवळपास थांबते. चंदेरी जाती रोज रात्री चिंब राहिल्या तर पाणी मुबलक असूनही उपाशी राहतात. सकाळी पाणी द्यावं की संध्याकाळी, यावर हौशी लोकांत न संपणारे वाद होतात. पाणी दिल्यावर तीन-चार तासांत रोप पूर्ण कोरडं होतं का, एवढंच मी पाहतो. नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी भिजवलेलं रोप रात्र पडायच्या आत खडखडीत होतं; मुंबईच्या ऑगस्टमध्ये सकाळी भिजवलेलं रात्रीपर्यंत ओलं राहू शकतं. नियम एकच आहे, वेळ गावागणिक बदलते.

आता जातींकडे. सगळ्यात टोकाची उदाहरणं पेरू आणि उत्तर चिलीच्या किनारी वाळवंटात आहेत. तिथे पाऊस नसल्यात जमा, पण समुद्रावरून धुकं येतं. चिलीत त्याला कामांचाका म्हणतात. इकिकेच्या आसपासच्या उतारांवर टिलँडसिया लँडबेकिआय उघड्या वाळूवर पसरतं, जवळजवळ एकटंच, दुसरी हिरवळ नाही. धुक्याच्या वाटेला आडवे असे त्याचे पट्टे तयार होतात. मुळांचा पाण्यासाठी उपयोग नाही, सगळं पाणी धुक्यातून. तसंच इक्वेडोर-पेरूमधलं टेक्टोरम : त्याचे खवले इतके लांब की रोप कापसात गुंडाळल्यासारखं दिसतं. हे रोप पाहताक्षणी हवंसं वाटतं आणि दमट उकाड्यात ते सर्वांत आधी दगावतं. कोकणपट्टीत राहणाऱ्याने त्याचा मोह आवरावा. पुणे, नाशिक, साताऱ्याची कोरडी आणि रात्री गार होणारी हवा त्याला त्यातल्या त्यात जमते.

झेरोग्राफिकाची गोष्ट वेगळी. ग्वाटेमाला, एल साल्वादोर आणि दक्षिण मेक्सिकोतल्या कोरड्या जंगलात, ग्वाटेमालाच्या मोताग्वा खोऱ्यासारख्या भागात, झाडांच्या वरच्या फांद्यांवर भर उन्हात ते वाढतं. रुंद, राखी, टोकाला कुरळ्या होत गेलेल्या पानांचा गेंद सावकाश वाढत हातभर रुंद होतो. एखादी जात घरात शिल्पासारखी शोभते म्हणूनच तिच्यावर जंगलात संकट येतं, याचं हे ठळक उदाहरण. त्याबद्दल पुढे लिहितो. निगेच्या दृष्टीने मात्र ही धीराची जात आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने घेण्यासारखी पहिली जात कुठली असं कुणी विचारलं तर मी झेरोग्राफिकाच सांगेन, रोपवाटिकेत वाढवलेली असेल तर.

मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी उलट बाजूने जावं. बल्बोसा, बुट्झिआय, ब्रॅकिकॉलोस यांसारख्या हिरवट, कमी खवल्यांच्या जातींना सावली आणि दमटपणा मानवतो. त्यातली बल्बोसा विलक्षण आहे. तळाशी पानांचे रुंद भाग एकमेकांवर चढून पोकळ कांदा तयार होतो आणि निसर्गात त्यात मुंग्या राहतात. घर मुंग्यांना, त्यांच्या केरकचऱ्यातलं पोषण झाडाला. कॅपुट-मेडुसे आणि सेलेरियाना यांच्या फुगीर तळातही मुंग्यांची वस्ती सापडते. संग्राहकासाठी यातली कामाची गोष्ट अशी की पोकळीत पाणी अडकून राहिलं की झाड कुजतं. भिजवल्यावर ही रोपं उलटी धरून झटकावी आणि वाळेपर्यंत आडवी किंवा शेंडा खाली करून ठेवावी. स्ट्रेप्टोफायला आपली तहान दाखवते : कोरडी पडली की पानांच्या गुंडाळ्या घट्ट होतात, पाणी मिळालं की उलगडतात.

स्पॅनिश मॉस, म्हणजे अस्नीऑइडीस, आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतं. मॉस नाही, शेवाळ नाही, पक्कं सपुष्प टिलँडसिया. प्रौढ झाडाला मुळंच नसतात. दोऱ्यासारखी खोडं फांदीवरून लोंबतात आणि तुकडे वाऱ्याने किंवा पक्ष्यांच्या चोचीतून दुसरीकडे जाऊन वाढतात. फूल इवलंसं, हिरवट, रात्री सुगंध देणारं. एके काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात ते सडवून, वाळवून गाद्यांत आणि गाड्यांच्या आसनांत भरत असत. घरी टांगलेलं अस्नीऑइडीस वाळलं तर दाट गोळ्याच्या आतून वाळतं, म्हणून जुडगा विरळ करून टांगावा. ऑस्ट्रेलियात ते बागेबाहेर जाऊन स्थिरावलं आहे. तेव्हा हौसेपोटी माथेरान-आंबोलीच्या रानातल्या झाडांवर ते कुणी टांगू नये. त्या फांद्या आपल्या आमरी आणि नेच्यांच्या आहेत.

दक्षिणेकडच्या, अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील इथल्या जाती मला मनापासून आवडतात आणि आपल्याकडे त्यांची चर्चा फारच कमी होते. एरांथॉस, बर्गेरी आणि स्ट्रिक्टा भराभर फुटवे धरून गड्डे करतात आणि चुकांना सहज माफ करतात. बोलिव्हिया-पराग्वे-अर्जेंटिनाच्या पट्ट्यातल्या ड्युरॅटिआय, झिफिऑइडीस, क्रोकाटा यांच्या फुलांना खरा सुगंध असतो. रंगाच्या शोधात निघालेला संग्राहक आयोनांथाशी थांबतो. गंधाच्या शोधात निघालेला इथवर येतो.

निगेत सर्वांत धोकादायक शत्रू तांबं. या कुळाला तांबं विषासारखं लागतं आणि ते आपल्या घरांत, शेतांत सगळीकडे आहे. तांब्याच्या तारेने रोप ओंडक्याला बांधू नये, तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी शिंपडू नये. बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड ही द्राक्ष आणि सुपारीच्या बागांतली नेहमीची बुरशीनाशकं. बागेशेजारी राहणाऱ्यांनी फवारणीच्या दिवशी रोपं आत घ्यावी. एसीतून ठिबकणारं पाणी क्षारमुक्त असतं म्हणून अनेकजण साठवतात, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून ओघळून आलेलं असण्याची शक्यता असते, तेही टाळलेलं बरं. बांधायला नायलॉनचा दोरा किंवा स्टेनलेस स्टीलची तार उत्तम.

पाण्यातले क्षार ही दुसरी अडचण. बोअरचं जड पाणी वारंवार दिलं की पांढरट पापुद्रा खवल्यांवर बसतो आणि पाण्याची वाट बुजते. पावसाचं पाणी सर्वोत्तम, ते पिंपात धरून ठेवावं. आरओचं शुद्ध पाणी चालतं. आरओच्या दुसऱ्या नळीतून फेकलं जाणारं मात्र कधीच नाही, त्यात तर क्षार दाटलेले असतात. मिठाने मऊ केलेलं सॉफ्टनरचं पाणीही नको. कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा-दोनदा अर्धा तास बुडवून ठेवणं हे नुसत्या फवाऱ्यापेक्षा भरवशाचं. फवाऱ्याने वरची पानं ओली दिसतात आणि गाभा तहानलेला राहतो. टेक्टोरमसारख्या केसाळ जाती बुडवू नयेत, त्यांना फवाराच पुरे. खत हवंच असेल तर विद्राव्य १९:१९:१९ लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास, महिन्यातून एकदा, पावसाळ्यात बंद.

पावसाळा ही महाराष्ट्रातली खरी परीक्षा. मूळ प्रदेशातही पाऊस असतो, पण झाड उंच फांदीवर वाऱ्यात टांगलेलं असतं आणि सरी थांबल्या की वाळतं. आपल्याकडच्या झडीत गॅलरीतलं रोप दिवसच्या दिवस ओलं राहतं. मग तळ काळा पडतो आणि मधली पानं ओढली की अलगद निघून येतात. तिथून रोप परत येत नाही. जून ते सप्टेंबर चंदेरी जाती छपराखाली, वारा खेळेल अशा जागी टांगाव्या. घरात असतील तर पंख्याच्या झुळुकीत. काचेचा बंद गोळा बारा महिने वाईट : पावसाळ्यात कुजवतो, उन्हात भाजतो. ‘बाथरूममध्ये ठेवा, दमट असतं’ हा सल्लाही तितकाच घातक, कारण तिथे उजेड नसतो आणि वाराही नसतो. सकाळचं कोवळं ऊन किंवा शेडनेटखालचा लख्ख उजेड बहुतेक जातींना पुरतो. कीड फारशी नाही. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यात लपतात, त्या कापसाच्या बोळ्याने काढता येतात.

मग फूल. आयोनांथा फुलायला आली की आतली पानं आधी गुलाबी, मग लालभडक होतात आणि गाभ्यातून जांभळी, अरुंद नळी वर येते. तिच्या तोंडाशी पिवळे परागकोष. एकेक फूल दिवस-दोन दिवसांचं, पानांची लाली मात्र कितीतरी दिवस टिकते. एका गेंदाला आयुष्यात एकदाच फूल येतं, त्यानंतर तो हळूहळू वाळत जातो. तोवर बुडाशी पिल्लं धरलेली असतात. ती आईच्या निम्म्या आकाराची झाल्याशिवाय काढू नयेत. खरं तर काढूच नयेत, आणि गड्डा होऊ द्यावा. एका जातीच्या गड्ड्यात एकाच वेळी दहा-बारा गेंद लाल झालेले पाहणं हे दहा वेगळ्या जाती एकेक मांडून ठेवण्यापेक्षा मला मोठं वाटतं. आयोनांथाची निवडक रूपंही पुष्कळ आहेत : ‘फ्युगो’ सहज लाल होणारी, ‘ड्रुइड’ पिवळी पडून पांढरं फूल देणारी, मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातली भरघोस ‘हुआमेलुला’. बाजारात रंग फासलेली निळी-गुलाबी रोपंही मिळतात. ती घेऊ नयेत, रंगाने खवले बुजतात.

नावांचं जग हलतं आहे. २०१६ मध्ये झालेल्या जनुकाधारित फेरमांडणीत काही जाती टिलँडसियातून बाहेर काढल्या गेल्या. गुलाबी पंख्यासारखा तुरा येणारी, कुंडीत वाढवली जाणारी सायनिया आता वॉलिसियात गेली आहे. लेबलवर जुनं नावही राहू द्यावं म्हणजे शोधायला सोपं जातं. ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातल्या वनस्पती, यांची आंतरराष्ट्रीय सोसायटी १९५० मध्ये स्थापन झाली, फ्लोरिडाचे मलफर्ड फॉस्टर तिचे पहिले अध्यक्ष. संकर आणि निवडींची नोंदवही ती ठेवते. आपल्या दुकानांत ‘एअर प्लँट मिक्स’ असं लिहून जे विकलं जातं त्यात संग्राहकाला जात कळत नाही आणि जात कळली नाही की निगा कळत नाही. लेबल मागावं, हे मी आग्रहाने सांगेन.

लेबल मागण्याचं आणखी एक कारण आहे. मेक्सिकोत नाताळच्या देखाव्यांसाठी अस्नीऑइडीस आणि इतर जाती जंगलातून ओढून आणल्या जातात. डोंगरी भागात सण-उत्सवांच्या आराशीसाठी इंपेरियालिससारखी मोठी, लाल तुऱ्याची टिलँडसिया तोडली जातात. ती जात आता तिथल्या संरक्षित यादीत आहे. झेरोग्राफिका, हॅरिसिआय यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. त्याचा चांगला परिणाम ग्वाटेमालात दिसतो : तिथल्या रोपवाटिका झेरोग्राफिका पिकासारखी वाढवून निर्यात करतात. बियांपासून विक्रीयोग्य रोप व्हायला कैक वर्षं लागतात, म्हणून ते महाग असतं आणि असायलाच हवं.

फ्लोरिडात व्यापाराने वेगळं नुकसान केलं. मेक्सिकोतून आयात झालेल्या ब्रोमेलियाड रोपांबरोबर एक भुंगा, मेटामासियस कॅलिझोना, तिथे पोचला. १९८९ मध्ये तो पहिल्यांदा आढळला. त्याची अळी रोपाचा गाभा पोखरते. युट्रिक्युलाटा ही तिथली देशी, पाणी साठवणारी मोठी जात वर्षानुवर्षं वाढून एकदाच फुलते आणि मरते, तिथे ती बुडाशी पिल्लंही धरत नाही. सगळी भिस्त बियांवर. फुलण्याआधीच अळीने गाभा खाल्ला की त्या रोपाचा वंश तिथेच संपतो. एके काळी सामान्य असलेली ही जात आणि तिच्या जोडीची फॅसिक्युलाटा आज फ्लोरिडा राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहेत. होंडुरासमधून आणलेली एक परोपजीवी माशी सोडून पाहिली, तरी भुंगा हटलेला नाही. परदेशातून बॅगेत रोप लपवून आणणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत लक्षात ठेवावी, असं मला फार वाटतं. आपल्याकडे २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि मूळ देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि २०२२च्या दुरुस्तीने साइट्सच्या तरतुदी वन्यजीव संरक्षण कायद्यातच आल्या आहेत. कागद मागणं ही गिऱ्हाइकाचीही जबाबदारी आहे.

बियांचं काम आपल्याकडे फार थोडे लोक करतात आणि ते वाढायला हवं. रुईच्या म्हातारीसारखा पिसारा असलेलं बी शेंग तडकल्यावर उडून जातं, म्हणून शेंग तपकिरी होऊन चिरू लागली की तिच्याभोवती सैल मलमलीची पिशवी बांधावी. बी शेडनेटच्या तुकड्यावर विरळ पसरून, वारा खेळत्या सावलीत, रोज सकाळी आणि दुपारी पावसाच्या पाण्याने फवारावं. उगवण थोड्याच दिवसांत दिसते, वाढ मात्र अतिशय सावकाश. पहिल्या वर्षाच्या शेवटीही रोप काही मिलिमीटरचंच असतं. ते पावसाळ्यात छपराखाली आणि उन्हाळ्यात दुहेरी शेडनेटखाली ठेवावं, आणि तुकड्याला पहिल्याच दिवशी पट्टी लावावी : आई-झाडाची जात, परागकण कुठून घेतले, गाव, महिना, साल.